अडीच वॅटचं दुखणं

पहाटेचे साडेपाच. वाकडच्या पुलाखाली टॅक्सी उभी आहे, भाडं दादरचं. ड्रायव्हरदादांच्या फोनमध्ये २८ टक्के बॅटरी. मॅप लावला, वायर म्युझिक सिस्टिमच्या यूएसबीत खोचली आणि गाडी एक्स्प्रेसवेला लागली.

घाट उतरून खोपोलीपाशी आलो, तर आकडा २६. चार्जिंगचं चिन्ह दिसतंय, तरी बॅटरी उतरतेय!

हे पोर्ट मुळात पेनड्राइव्हवरची गाणी वाजवायला दिलेलं. जुन्या गाड्यांत ते ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर देतं, म्हणजे जेमतेम अडीच वॅट. लख्ख उजळलेली स्क्रीन, जीपीएस आणि नेट मिळून तेवढं केव्हाच फस्त करतात.

खरा जोर शेजारच्या गोल सॉकेटात. सिगारेट पेटवायची सोय होती ही. लायटर गेला, भोक राहिलं. इंजिन चालू असताना इथे साधारण १४ व्होल्ट येतात, ट्रकमध्ये त्याच्या दुप्पट. ते उतरवून फोनला सोसेल एवढंच देणं, हे चार्जरचं काम. सिग्नलवर मिळणाऱ्या स्वस्त चार्जरात पुष्कळदा धड संरक्षणच नसतं. आतली चिप जळून शॉर्ट झाली, तर गाडीचं व्होल्टेज थेट फोनमध्ये. शंभर-दीडशे रुपयांसाठी हा जुगार कशाला?

आता वेग. खोक्यावर ठळक छापलेले ‘६५ वॅट’ बहुतेकदा सगळ्या पोर्टांची बेरीज असते. बारीक अक्षरांत बघा, एकट्या सी-टाइपला किती? शिवाय चार्जर आणि फोनची भाषा जुळावी लागते. आयफोनला ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी, यूएसबीची जलद चार्जिंगची सर्वसाधारण पद्धत) पुरतं. सॅमसंगचं २५ वॅट हवं असेल, तर ‘पीपीएस’ (पीडीचाच, व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलणारा प्रकार) ही अक्षरं शोधायची. ती नसतील तर वेग घसरतो. वनप्लस, ओप्पोची बोली आणखी निराळी. केबल मात्र धड घ्या, एवढंच.

आणि फोन काचेला चिकटवून उन्हात भाजत ठेवू नका. तापला की तो स्वतःच चार्जिंग आवरतं घेतो, मग चार्जर कितीही भारी असो. एसीच्या जाळीवरचा होल्डर बरा.

परतीच्या वाटेवर दादांनी नवा चार्जर लावलाय. पनवेलला १९ टक्के. लोणावळ्याजवळ चहाला थांबेपर्यंत ५०.

मागच्या सीटवरून आवाज येतो, “दादा, माझाही लावता का जरा?”

दादा वायर मागे देतात. आता वॅटांची वाटणी.