दोन जिवांची

[दृश्य: कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याचा खानापूर तालुका. आरोग्य केंद्राची पडवी, पावसाळ्यातील सकाळ.]

जांबोटी-कणकुंबीच्या वाटेने भिजत आलेल्या या गर्भवतींच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेले, कन्नडमध्ये छापलेले तायी कार्ड, म्हणजे गर्भारपणाच्या नोंदींचे सरकारी कार्ड, आहे. धनुर्वात आणि घटसर्पाची लस दंडावर टोचून घेताना त्यांच्यापैकी एखादी मराठीत विचारते: दिवस राहिले की प्रतिकारशक्ती कमी होते म्हणतात, मग ही सुई लागू कशी पडते?

आपल्याकडे गरोदर बाईला दोन जिवांची म्हणतात. त्यातला दुसरा जीव बापाकडून आलेल्या जनुकांमुळे आईच्या शरीराला निम्मा परका असतो. परक्या माणसाची त्वचा अंगावर लावली तर शरीर ती काही दिवसांतच झिडकारते. मग तेच शरीर बाळाला नऊ महिने कसे सांभाळते, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडला. त्यांनी सुचवलेल्या शक्यतांपैकी एक अशी होती की या काळात आईची प्रतिकारशक्ती मंदावत असावी. तो समज अजून टिकून आहे. मात्र गर्भारपणात दिलेल्या लशीने आईच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, तयार होतात, एवढ्यावरूनच तो तोकडा ठरतो.

[दृश्य: गर्भाशयाच्या अस्तराचे रेखाचित्र.]

पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात प्रतिकारपेशींची दाटी होते आणि त्यांतील सुमारे ७० टक्के पेशी ‘नॅचरल किलर’ प्रकारच्या असतात. नावात मारेकरीपण असले तरी इथे त्यांचे काम बांधकामाचे आहे. नाव ठेवणाऱ्यांनी जरा घाईच केली म्हणायची. वारेच्या, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणाऱ्या अवयवाच्या, पेशींच्या सोबतीने त्या गर्भाशयातील नागमोडी धमन्या रुंद करण्यास मदत करतात, जेणेकरून वारेला भरपूर रक्त मिळावे. हे रुंदीकरण अर्धवट राहिले तर पुढे आईचा रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्पसिया हा गर्भारपणातला गंभीर आजार होण्याचा धोका असतो. अस्तरात शिरणाऱ्या वारेच्या पेशीही सावध असतात: परकेपणा चटकन उघड करणाऱ्या काही खुणा त्या पृष्ठभागावर आणतच नाहीत आणि एचएलए-जी नावाचे प्रथिन पुढे करतात, जे मारक पेशींना आवर घालते. आईच्या नियामक टी पेशी हल्ल्याला लगाम घालतात.

या फेरबदलाची किंमतही असते. फ्लू गर्भवतीला अधिक जड जातो, आणि दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. उलट आमवाताने सुजलेले सांधे अनेकींना याच काळात हलके वाटतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा ठणकू लागतात.

आईचे रक्त आरएच निगेटिव्ह आणि बाळाचे पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीच्या वेळी मिसळलेले थोडेसे रक्तही तिची प्रतिकारयंत्रणा ओळखते आणि पुढच्या खेपेस त्यावर चाल करून जाते; अँटी-डी इंजेक्शन देतात ते ही ओळख पक्की होऊ नये म्हणून. झोपी गेलेल्या यंत्रणेला एवढी आठवण राहिली नसती.

[दृश्य: परिचारिका कार्डावर नोंद करते.]

सुईने तयार झालेली प्रतिपिंडे वार स्वतः उचलून बाळाकडे पोचवते, त्यातही बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणूनच पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ती आईइतकी, कधी आईपेक्षाही जास्त सापडतात आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला कमी मिळतात. पहिलटकरणीच्या कार्डावर परिचारिका दुसऱ्या डोसची तारीख लिहिते: आजपासून चार आठवड्यांनी.