आळी, खळं आणि भोवरा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'शहरातल्या आळीने मुलं कशी वाढवली'. तो येईल, काळजी नको. पण सावंतवाडीत, लाकडी खेळण्यांच्या चितार आळीपासून हाकेच्या अंतरावर उभं राहून आधी भोवऱ्याबद्दल बोललं नाही, तर पंढरपुरात जाऊन हवापाण्यावर बोलल्यासारखं होईल.

तक्रार साधी आहे. दुकानात मिळणारा देखणा भोवरा फिरत नाही, कारण तो शोकेससाठी केलेला असतो. लाखकाम पाहिलं असेल तुम्ही. लेथवर लाकूड गरगरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणानेच लाख वितळून लाकडावर चढते. मग केवड्याच्या पातीने घासून चकाकी आणायची. दिसतं सुंदरच. पण लाख खालपासून डोक्यापर्यंत चढवली तर जाळीने, म्हणजे भोवऱ्याला गुंडाळायच्या दोरीने, पकड घ्यायची कुठे? वेढे बसतात तो खालचा भाग खरखरीत हवा, नाहीतर त्यावर बारीक खाचा हव्यात. गुळगुळीत लाखेवर सुती जाळी घसरते, वेढे सगळे एकदम ढिले होतात आणि भोवरा धोंड्यासारखा पडतो. उपाय दोन मिनिटांचा: खालच्या निम्म्या भागावर पॉलिश पेपर फिरवा. ज्यांनी भेट दिला त्यांच्या देखत मात्र फिरवू नका.

दुसरं दुखणं आरीचं, म्हणजे भोवरा ज्यावर फिरतो त्या खालच्या खिळ्याचं. खिळ्याहून किंचित बारीक भोक आधी पाडायचं, अगदी मधोमध आणि सरळ. मग खिळा ठोकायचा, माथं कापायचं आणि कानशीने घासून घ्यायचं. भोक न पाडता खिळा ठोकला तर लाकूड रेषेरेषेने तडकतं. भोक केसभर तिरकं गेलं तर भोवरा थरथरतो, आणि हातजाळी करून तळहातावर झेलला तर कातडं सोलवटतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, पुढे सुकून आकसतं आणि आर हलायला लागते. तेव्हा ती उपसायची, भोकात सुती दोऱ्याचा पीळ भरायचा आणि पुन्हा ठोकायची. वाकलेली आर भोवऱ्यातच ठोकून सरळ करू नका, भोक आणखी मोठं होतं.

आर टोकदार हवी की गोलसर, यावर आळीआळीत भांडणं. टोकदार आर मातीत रुतते, जागा सोडत नाही, पण भोवरा तिरका पडला तर बराच वेळ तिरकाच फिरतो. गोलसर आर जमिनीवर घासत चालते आणि तेच घर्षण भोवऱ्याला हळूहळू उभं करतं. मग तो इतका स्थिर होतो, की रंगांचे पट्टे एकमेकांत मिसळलेत यावरूनच फिरतोय हे कळावं. त्याला मुलं 'झोपला' म्हणतात. ताठ उभा राहिला की झोपला! आमच्या सभांना हे लागू नाही.

जाळी सुती हवी, पिळाची, साधारण दीड मीटर. एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला सोड्याच्या बाटलीचं भोक पाडलेलं बूच, म्हणजे ते दोन बोटांत अडकून राहतं. नायलॉन नको, निसटतं. पहिला वेढा थुंकी लावून आरीजवळ घट्ट घ्यायचा, पुढचे एकाला एक चिकटून. वेढ्यावर वेढा चढला की सुटताना जाळी अडकते आणि भोवरा कुणाच्या तरी नडगीवर. पहिल्या रांगेत एकांनी आत्ता नडगी चोळली, ते दिसलं हं.

जाता जाता, गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, त्यासाठीही हे गाव प्रसिद्ध. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी 12, म्हणजे 120 गोल पानं. भिंतीवर फ्रेम पुष्कळ घरांत सापडेल. डाव मांडता येणारे किती? भोवराही त्याच फ्रेमकडे चाललाय.

आता जमीन. जांभा, आपला कोकणातला तांबडा दगड, खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने 1807 मध्ये त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेवरून. घराला उत्तम, भोवऱ्याला कुचकामी. त्याची भोकं आर गिळतात आणि भोवरा कोलमडतो. म्हणजे पाखाडीवर, जांभ्याच्या फरसबंद वाटेवर, खेळ नाही. पोरांना कुणाचं तरी खळं, म्हणजे घरापुढचं मातीचं अंगण, लागणारच. पाऊस सरला की ते खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवलेलं असायचं. त्यावर या पोरांच्या आरीने वाटाण्याएवढे खड्डे! मग आतून आवाज: "मेल्या, खेळतंस काय खळा खणतंस?"

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता पत्रिकेवरचा विषय.

खळं दुसऱ्याचं, म्हणून परवानगी टिकवावी लागायची. झावळं ओढून दे, शेण आणून दे, दुपारी आजी निजल्यावर रिंगण शेजारच्या खळ्यात ने. मालकाशी कसं वागायचं, हा पहिला धडा. दुसरा धडा वयांचा. दहावीतला आणि दुसरीतला एकाच रिंगणात, पण दुसरीतला 'कच्चा लिंबू', त्याचा भोवरा मधे ठेवायचा नाही. हा नियम मोठ्या माणसांनी केलेला नव्हता. तिसरा: हरलेल्याचा भोवरा मधे आणि बाकीच्यांच्या आरींचे घाव त्यावर. दंडाला जुना भोवरा चालतो का, हे आळीगणिक वेगळं. परक्या आळीत गेलात तर जाळी गुंडाळण्याआधी नियम विचारायचा. हे गावाबाहेरच्या एकट्या घरात शिकता येत नाही, त्याला भिंतीला भिंत लागलेली वस्ती लागते.

आता आळीत इमारती आहेत, मुलंही आहेत. खळ्याच्या जागी पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यांच्या सांध्यांत आर अडकते. जिन्याखालच्या टाइल्सवर भोवरा घसरत जाऊन भिंतीला आपटतो. मोबाइलला शिव्या घालण्याआधी हे बघा. मागणी एवढीच: प्रत्येक आवारात तीन मीटर बाय तीन मीटर जागा ब्लॉकविना सोडा. चोपलेली माती उत्तम, नाहीतर एकसंध घोटलेलं काँक्रीट, आर लवकर झिजते पण भोवरा फिरतो. आणि तिथे गाडी लावू देऊ नका, घसरगुंडीही बसवू नका.

बाहेर टेबलावर चार भोवरे ठेवलेत, खालून घासलेले. वाचनालयाच्या फरशीवर नको, मागच्या दारी माती आहे. जाळ्या मोजून चार आहेत, जाताना परत ठेवा.