हिरवी वायर

(दृश्य: जेटीला बांधलेली शिडाची छोटी बोट. विजेच्या खांबापासून बोटीपर्यंत गेलेली केबल.)

ही केबल नीट बघा. हिच्या पोटात तीन वायरी आहेत: फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगची हिरवी. पहिल्या दोघींवर बॅटरीचा चार्जर चालतो, दिवा लागतो. हिरवी मात्र वर्षानुवर्षं काहीच करताना दिसत नाही. म्हणूनच कात्री चालते ती तिच्यावर.

घराचं अर्थिंग जमिनीत गाडलेलं असतं. बोट तर पाण्यावर तरंगते. मोठ्या बोटीत इंजिन आतच बसवलेलं असतं. त्याचा शाफ्ट आणि पंखा पाण्यात बुडालेले. त्यामुळे वायरिंगच्या नकाशात सगळ्या अर्थिंगच्या रेषा इंजिनाच्या ब्लॉकपाशी येऊन थांबतात. छोट्या बोटीला असतो आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून टांगलेलं इंजिन. तो वर उचलला की पाण्याशी संबंध संपला. मग ती रेषा न्यायची कुठे? काही जण तळाला तांब्याची पट्टी ठोकतात आणि निर्धास्त होतात.

हा निर्धास्तपणा मला धोक्याचा वाटतो. कारण विजेला पाण्यात मुरायचं नसतं. जिथून आली तिथे, किनाऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरकडे परत जायचं असतं. पाण्याची वाट तिला अडखळवते. तिथून जाणारा करंट एवढा थोडा, की साधा ब्रेकर पडतच नाही. माणसाला मात्र तो पुरून उरतो. साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू ताब्यात राहत नाहीत, पोहणाऱ्याचे हात चालेनासे होतात आणि तो बुडतो. गोड्या पाण्यात हे जास्त घडतं. खारं पाणी शरीरापेक्षा चांगलं वाहक, त्यामुळे बराचसा करंट शरीराला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात शरीर हीच सोपी वाट ठरते.

(दृश्य: चार्जर. मग तांब्याचा बसबार, त्यावर घट्ट आवळलेले स्क्रू.)

आता हा चार्जर. एका बाजूला किनाऱ्याची वीज, दुसऱ्या बाजूला 12 व्होल्टची बॅटरी. आतलं इन्सुलेशन फुटलं, की फेज थेट बॅटरीच्या वायरिंगमध्ये शिरते. बॅटरीला जोडलेला आउटबोर्ड तेव्हा पाण्यात असेल, तर भोवतालचं पाणीही जिवंत होतं. म्हणून बॅटरीचा निगेटिव्ह आणि हिरवी वायर एका बसबारवर, म्हणजे वायरी जोडायच्या तांब्याच्या पट्टीवर, एकत्र आणायच्या. इंजिन ब्लॉकची जागा या पट्टीने घ्यायची. बिघाड झालाच, तर करंट हिरव्या वायरीतून धावत परत जातो आणि ब्रेकर तत्क्षणी पडतो. न्यूट्रल मात्र या पट्टीला लावायचा नाही. किनाऱ्याच्या विजेसाठी न्यूट्रल आणि अर्थिंगची गाठ किनाऱ्यावरच असते.

मग लोक हिरवी का तोडतात? त्यांची तक्रार खरी आहे. या वायरीतून शेजारच्या सगळ्या बोटींचे पाण्यातले धातू तुमच्या बोटीच्या धातूंना जोडले जातात. मिळून एक मोठी बॅटरीच तयार होते, आणि जस्त, ॲल्युमिनियम झिजत जातं. पण त्यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो. झीज करणारा व्होल्टभराचा डीसी दाब तो अडवतो, बिघाडाचा करंट मात्र जाऊ देतो. जस्त वाचवायला माणूस पणाला लावायची गरज नाही.

जोडीला 30 मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारा ब्रेकर हवा, केबल बोटीत शिरते तिथून जवळ. झाकणाच्या फटीतून घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड आत सोडणं, हे तर छोट्या बोटींवर सर्रास दिसतं. ते बंदच करा.

(दृश्य: खांबापासून काढलेली केबल. प्लगच्या अर्थ पिनवर मल्टिमीटरची एक काडी.)

बोटीतले बाकी वीजस्रोत बंद केलेत. केबल खांबावरून काढली आहे, दुसरं टोक बोटीत आहे. एक काडी अर्थच्या पिनला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. आयसोलेटर असेल तर त्याच्या अलीकडे, बोटीच्या बाजूला मोजा. त्यातल्या डायोडमुळे मीटर फसतो.

(आवाज: मीटरचा बीप.)

बीप म्हणजे हिरवी वाट अखंड आहे. तो आला नाही, तर स्क्रू, जोड आणि प्लगमधला हिरवट गंज शोधत निघायचं. तोवर केबल खांबाला लावायची नाही.