चुंबक ढकलतं, पण आडवं

श्रोतेहो, नमस्कार. आज विद्युतभारित कणांविषयी बोलू. विद्युतक्षेत्र कणाला ढकलतं, मग तो थांबलेला असो की धावता. चुंबकीय क्षेत्र मात्र धावत्या कणालाच ढकलतं, आणि तेही आडवं. पुन्हा सांगतो, आडवं, म्हणजे धावण्याच्या दिशेशी काटकोनात. म्हणून त्या धक्क्याने वेग वाढत नाही, घटतही नाही. फक्त वाट वळते.

रामबागेतला आमचा वाडा, गणपतीचे दिवस. आरतीसाठी आणलेला भला मोठा स्पीकर काकांनी रंगीत टीव्हीला टेकवून ठेवला. संध्याकाळी बातम्या लावल्या, तर निवेदिकेचा अर्धा चेहरा हिरवा, अर्धा जांभळा! काका म्हणाले, अँटेना हलली. पोरं गच्चीवर. ‘आता?’ ‘तसंच आहे!’ ‘आता?’ ‘तसंच!’ शेवटी जेल रोडवरून मेकॅनिक आला. त्याने स्पीकर दूर केला. डाग फिकटला, पण गेला नाही. मग पिशवीतून तारेचं मोठं कडं काढलं, विजेला जोडलं, पडद्यासमोर गोल गोल फिरवत एकेक पाऊल मागे सरत तो दारापर्यंत गेला आणि तिथे बटण बंद केलं. चित्र स्वच्छ! काकू म्हणाल्या, "भाऊ, टीव्ही तर उघडलाच नाही तुम्ही!" तो म्हणाला, "काकी, बिघाड नव्हताच. स्पीकरच्या चुंबकाने आतल्या इलेक्ट्रॉनची वाट चुकवली होती."

अगदी नेमकं बोलला. त्या टीव्हीच्या पडद्यामागे असलेल्या चित्रनळीत २० हजारांवर व्होल्टचं विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनना पळवतं आणि नळीच्या मानेवरची वेटोळी त्यांना वळवतात. परकं चुंबक मध्ये आलं की पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे निघालेले इलेक्ट्रॉन भलत्याच रंगावर पडतात. पडद्यामागची धातूची जाळीही चुंबकित झाली होती, म्हणून डाग राहिला. कड्यातल्या उलटसुलट प्रवाहाने तो पुसला. अशा कारागिरांना शाळेत शिकवायला बोलवावं, असं मला मनापासून वाटतं. वस्तू उघडून पाहिलेला माणूस वेगळंच शिकवतो.

आपल्या इंदूरला राजा रामण्णा केंद्रात, म्हणजे आपल्या कॅटमध्ये, इंडस-२ आहे, इलेक्ट्रॉनना गोल फिरवणारं भलं मोठं यंत्र. घेर १७२.५ मीटर. त्यात अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सेकंदाला १७ लाखांहून अधिक फेऱ्या मारतात. चुंबकं त्यांना वळवतात, आणि वळताना ते क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश फेकतात. त्या प्रकाशातच पदार्थांची अंतर्रचना तपासली जाते. पण प्रकाश फेकला की ऊर्जा घटते. ती चुंबक भरून देऊ शकत नाही, कारण त्याचा धक्का आडवा. ती भरून देतं विद्युतक्षेत्र, फेरीमागून फेरी.