दोन मृत्युपत्रे, दोन मुखत्यारपत्रे

श्रोतेहो, नमस्कार. मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, हे दोन्ही दस्त पती-पत्नींनी एकत्र बसून ठरवावेत, पण ज्याचे त्याने स्वतंत्रपणे करावेत, असे मी नाशिकमधील माझ्या पक्षकारांना नेहमी सांगतो. आज त्याची कारणे सांगणार आहे, आणि या दोन दस्तांच्या मधे जी जागा मोकळी राहते तिच्याविषयीही बोलणार आहे, कारण अनेक कुटुंबांची खरी अडचण तिथेच होते.

"माझ्यामागे सगळे हिचेच आहे," असे पती निर्धास्तपणे म्हणतो, तेव्हा कायदा तसे म्हणत नसतो. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांच्यात सारख्या हिश्श्यांनी वाटली जाते. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर असेल आणि मागे पत्नी, दोन मुले व नव्वदीतली आई असेल, तर पत्नीला स्वतःच्या राहत्या घराचा फक्त चौथा हिस्सा मिळतो आणि ते विकायचे झाले तर चौघांच्या सह्या लागतात. बँकेत किंवा सोसायटीत तिचे नाव नॉमिनी म्हणून लावले आहे, एवढ्यावरही विसंबू नये. नॉमिनी हा साधारणपणे वारसांच्या वतीने पैसे किंवा मालमत्ता ताब्यात घेणारा असतो, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1984 पासून वेळोवेळी स्पष्ट केले आहे. आयुर्विम्यात 2015 च्या दुरुस्तीने जोडीदार, मुले आणि आईवडील यांना वेगळा दर्जा मिळाला, तो अपवाद.

पत्नीच्या मालमत्तेबाबतचा नियम तर अनेकांना धक्का देणारा आहे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्राविना वारली, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ताही आधी पतीच्या वारसांकडे जाते आणि तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. शाळेत आयुष्यभर नोकरी करून साठवलेली तिची ठेव दिराला मिळते, आणि जिने तिला शेवटपर्यंत सांभाळले ती बहीण बघत राहते. हा नियम मला न्याय्य वाटत नाही, परंतु तो आहे तोवर त्यावर उपाय एकच, तिचे स्वतःचे मृत्युपत्र.

तरीही माझ्याकडे येणारी जोडपी बहुधा पतीच्याच मृत्युपत्रासाठी आलेली असतात. पत्नीला विचारले की "माझे काय आहे?" असे उत्तर येते. मग तिच्याच मांडीवरच्या कापडी पिशवीतले कागद टेबलावर मांडले की दिसते, इंदिरानगरच्या फ्लॅटच्या खरेदीखतावर तिचे नाव आहे, पोस्टातली ठेव तिच्या एकटीच्या नावावर आहे, आणि माहेरचे पाटल्या-गोठ तर कुठल्याच कागदावर नाहीत. आपल्या जिल्ह्यात चांदवडला 1986 च्या नोव्हेंबरमध्ये शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी सातबारावर बायकोचे नाव लावले. त्या जमिनींच्या मालकिणींची मृत्युपत्रे मात्र मला क्वचितच पाहायला मिळतात.

मृत्युपत्र करणे अवघड नाही. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो, आणि नोंदणीही सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन ती करून घ्यावी असे माझे मत आहे. खरे महत्त्व साक्षीदारांना आहे. किमान दोन साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याची सही पाहिलेली असावी आणि त्याच्या समक्ष आपली सही केलेली असावी. पुढे वाद झाला तर त्यांपैकी निदान एकाला न्यायालयात बोलावावे लागते, म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत आणि मृत्युपत्राने ज्यांना काही मिळणार आहे त्यांपैकी नसावेत. फिरायला जाणाऱ्या मित्रमंडळातले पंचाहत्तरीचे दोन स्नेही साक्षीला आणण्याची आपल्याकडची पद्धत प्रेमाची असली, तरी सोयीची नाही.

दोघांनी मिळून एकच संयुक्त मृत्युपत्र करण्याचा आग्रह मी शक्यतो मोडून काढतो. एक जण गेल्यावर, त्याची मालमत्ता स्वीकारलेल्या दुसऱ्याला ते मृत्युपत्र बदलता येते की नाही, यावर वर्षानुवर्षे दावे चालतात. दोन स्वतंत्र मृत्युपत्रांत मात्र एक गोष्ट जुळलेली हवी, ती म्हणजे जोडीदार आधी किंवा एकाच वेळी गेला तर मालमत्ता कोणाला जावी याचा उल्लेख. मुंबई-आग्रा महामार्गावर एकाच अपघातात दोघे गेले आणि आधी कोण गेले हे कळले नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायदा वयाने लहान असलेली व्यक्ती मागाहून गेली असे गृहीत धरतो. मग थोरल्याचे सारे धाकट्याकडे आणि तिथून धाकट्याच्या वारसांकडे वळू शकते.

आता मुखत्यारपत्र. ते हयातीपुरते असते. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते त्याच क्षणी संपते, आणि वडिलांच्या दशक्रियेनंतर त्यांच्या कुलमुखत्यारपत्रावर बँकेतून पैसे काढू पाहणारा मुलगा, हेतू चांगला असला तरी, अधिकाराविना वागत असतो. पण त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की 1872 च्या करार कायद्यानुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली तरीही मुखत्यारी संपते. म्हणजे स्मृतिभ्रंश झाला किंवा पक्षाघाताने माणूस बेशुद्ध पडून राहिला, की ज्या प्रसंगासाठी आपण तो कागद करून ठेवला, त्याच प्रसंगी तो निकामी होतो. मृत्युपत्र तर अजून लागू झालेले नसते, कारण माणूस जिवंत आहे.

ही मोकळी जागा आपल्या कायद्याने नीट भरलेली नाही. अशा वेळी बेशुद्ध पतीसाठी पत्नीला पालक नेमण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत, पण रुग्णालयाचे बिल रोज वाढत असताना त्यासाठी मुंबईला अर्ज करणे कोणाच्या वाट्याला येऊ नये. म्हणून घरखर्चाचे आणि औषधोपचाराचे पैसे दोघांपैकी कोणालाही काढता येतील अशा संयुक्त खात्यात ठेवावेत, सगळी ठेव एकाच्याच नावावर ठेवू नये, आणि घर विकायचे मनात असेल तर दोघांची प्रकृती ठीक असताना तो व्यवहार उरकावा. उपचार कुठवर चालवावेत याविषयीची आगाऊ सूचना सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केली आणि 2023 मध्ये तिची रीत सोपी केली. आता ती दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते. तीत जोडीदाराबरोबर आणखी एका जवळच्या माणसाचे नाव जरूर घालावे, कारण जोडीदारही थकलेला असतो.

शेवटी, मृत्युपत्र फक्त आपल्याच नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नये. तो लॉकर उघडण्यासाठीच वारसांना धावपळ करावी लागते. ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे, हयातीत ते परत मागता येते, आणि मृत्यूनंतर अर्ज केल्यावर निबंधक अर्जदारासमक्ष पाकीट उघडतात. त्याची पावती कुठे ठेवली आहे, ते मात्र दोघांनी एकमेकांना आणि मुलांपैकी एकाला सांगून ठेवावे. नमस्कार.