‘तुम्ही येऊ नका, मी बघतो’

(गिरगावातल्या एका रहिवासी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. धोबी तलावचं लघुवाद न्यायालय इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. भाड्याच्या घराचे दावे तिथंच चालतात, त्यामुळे समोर बसलेल्यांपैकी बरेच जण ते जिने चढले असतील. मी वकील आहे आणि आज वकिलांविषयीच बोलणार आहे.

एक चाळ घ्या. घरमालकाने दोन भाडेकरूंवर घर खाली करून मागण्याचे दावे लावले. एक दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, दुसरे तळमजल्यावरचे टेलरकाका. दोघांनी एकाच वकिलांना वकीलपत्र दिलं. आज आजींना विचाराल तर त्या म्हणतील, देवमाणूस. टेलरकाका त्यांचं नाव घ्यायलाही तयार नाहीत.

दोघंही माझ्या ओळखीचे. दोघंही खोटं बोलत नाहीत.

वकीलसाहेबांनी दोघांना एकच वाक्य सांगितलं होतं : “तुम्ही येऊ नका, मी बघतो.” गुडघे धरलेल्या आजींना त्याने केवढा आधार वाटला. त्यांच्या प्रत्येक तारखेनंतर संध्याकाळी फोन यायचा, आणि आजी पुढची तारीख कालनिर्णयच्या पानावर लिहून ठेवायच्या. काकांची फाईल एका ज्युनिअरकडे होती. तो ज्युनिअर मध्येच ऑफिस सोडून गेला आणि काकांच्या तारखा कुणाच्याच डायरीत राहिल्या नाहीत. समन्स मिळाल्यापासून कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला दिवाणी प्रक्रिया संहितेत 30 दिवस आहेत, फार तर 90. कैफियत गेलीच नाही. दावा एकतर्फी चालला, घर खाली करण्याचा हुकूमनामा झाला. काकांना हे कळलं ते कोर्टाचा बेलिफ दारात उभा राहिल्यावर. मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज अर्धा शिवलेला होता. तो तसाच धरून ते मला सांगत होते, “मॅडम, मी विचारत होतो हो. ते म्हणायचे, चालू आहे.”

मी कोर्टातून रोजनाम्याची नक्कल काढली. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद. तारखेमागून तारीख, ‘प्रतिवादी व त्यांचे वकील गैरहजर’. ती पानं काकांपुढे ठेवताना मला माझ्या व्यवसायाची लाज वाटली.

आता दुसरी बाजू सांगते, कारण पक्षकाराचा राग नेहमीच योग्य जागी असतो असं नाही. ‘वकील फुटला, समोरच्याला मिळाला’ हे मी वर्षानुवर्षं ऐकते. पुरावा काय, तर दोन्ही बाजूंचे वकील कॅन्टीनला एकत्र चहा पीत होते. अहो, सकाळी उलटतपासणीत एकमेकांवर तुटून पडलेली माणसं दुपारी चहा पितात, कारण भांडण तुमचं आहे, त्यांचं नाही. ते तसंच असायला हवं. एका बाईंनी माझ्याकडून फाईल काढून घेतली, कारण मी साक्षीदाराला पाठ करून बोलायला लावायला नकार दिला होता. ‘केस कमजोर आहे, तडजोड करा’ असं तोंडावर सांगणारा वकील लोकांना आवडत नाही. पण तुमच्या बाजूचं खरं बलाबल तुम्हाला स्पष्ट सांगणं हे त्याचं कर्तव्यच आहे.

उलट जे वाईट, त्याचं कौतुक होतं. अपघाताच्या नुकसानभरपाईत हे फार दिसतं. “वकील चांगला, आधी एक पैसा घेतला नाही, रक्कम आल्यावर टक्का घेतला.” बार कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी देशपातळीवरची संस्था. तिच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला स्पष्ट मनाई आहे. ज्या घरातला कमावता माणूस गेला, तिथून तो टक्का जातो, आणि घरचे आभार मानतात. मला याचं फार वाईट वाटतं.

फाईल अडवून ठेवणं, हे मी घरातच पाहिलं. माझे वडील गिरणी कामगार. मी तेव्हा कॉलेजात होते. थकलेल्या फीसाठी त्यांच्या वकिलांनी कागद द्यायचं नाकारलं. फोर्टातल्या त्या ऑफिसच्या जिन्यावर आम्ही दोघं बसून राहायचो. वडील दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. पुढे 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात सांगितलं की फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत. फीसाठी त्याने वेगळा मार्ग धरावा. वडिलांच्या वेळी हा निकाल असता तर!

तक्रार कुठं करायची, हे तुम्ही विचारालच. 2024 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वकिलांविरुद्ध सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगात जाता येणार नाही. मला तो निकाल पटतो. पण मग ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 खालची शिस्तपालनाची व्यवस्था जागी हवी. कलम 35 प्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे आपल्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, गैरवर्तनाची तक्रार करता येते. ताकीद, काही काळ निलंबन, किंवा सनद रद्द, अशा शिक्षा आहेत. राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने वर्षभरात निकाल लावायचा, नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. मात्र केस हरणं हे गैरवर्तन नव्हे. त्याची तक्रार टिकत नाही.

तक्रारीची वेळ येण्याआधी दोन गोष्टी करा. दिलेल्या पैशाची पावती घ्या, आणि केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, मागा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख मोबाईलवर दिसते. ‘मी बघतो’ म्हणणाऱ्या वकिलाचा यात अपमान नाही. चांगला वकील नंबर स्वतःहून देतो.

काकांचं पुढे असं झालं. पक्षकाराने वकील नेमून आपलं काम केलं असेल तर वकिलाच्या चुकीची शिक्षा त्याला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने 1981 सालीच म्हटलं आहे. पण पुढच्या निकालांत पक्षकारानेही जागरूक राहावं, असंही बजावलंय. म्हणून विलंब माफीच्या, म्हणजे उशिरा दाद मागितल्याबद्दलच्या, अर्जात आम्ही प्रत्येक फोनची तारीख दिली. काकांनी त्या कापडाच्या बिलबुकामागे लिहून ठेवल्या होत्या! खर्च भरण्याच्या अटीवर एकतर्फी हुकूमनामा रद्द झाला.

त्याआधी मला उभं राहायला जुन्या वकिलांची ना-हरकत लागत होती. काका एकटेच गेले. साहेबांनी सही केली, फाईल दोरीने नीट बांधून दिली, आणि घेतलेली फी पाकिटात घालून परत केली. काकांनी ते पाकीट तिथंच टेबलावर ठेवलं आणि ते निघून आले.

आजींची केस अजून त्यांच्याकडेच आहे. गेल्या तारखेच्या संध्याकाळीसुद्धा फोन आला होता.