वाळीत टाकण्याचं बटण

(खानापूर येथील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. माझी ओळख करून देताना मी पस्तीस वर्षं बेळगावच्या कोर्टात वकिली केली असं सांगण्यात आलं. ते खरं आहे. पण आज मी थोडा आरोपीच्या पिंजऱ्यातूनच बोलणार आहे, तेव्हा ती पस्तीस वर्षं जरा बाजूला ठेवा.

आमची गल्ली बेळगावच्या शहापुरात. गल्लीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि मी त्याचा अ‍ॅडमिन. 'वकील आहेत, त्यांनाच करा' एवढ्या एका कारणावर माझी नेमणूक झाली. गणपतीच्या दिवसांत आमच्या एका शेजाऱ्यांनी ग्रुपवर विचारलं, 'गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब कुठाय?' कोणी उत्तर दिलं नाही. त्यांनी परत विचारलं, मग पुन्हा एकदा. चौथ्या खेपेला रात्री साडेअकरा वाजता त्यांनी मंडळाच्या पोरांबद्दल एक तिखट वाक्य टाकलं. पोरं भडकली, एकदम वीस-पंचवीस मेसेज आले. मला झोप येत होती. मी त्यांच्या नावावर बोट दाबून धरलं आणि त्यांना काढून टाकलं. तशी एक करडी ओळ ग्रुपवर उमटली, खाली पाच-सहा अंगठे आले, आणि मी शांत झोपलो.

तिसऱ्या दिवशी पाणी आलं. बेळगावात काही वॉर्डांत चोवीस तास नळ असतो, बाकीच्यांकडे पाणी येईल तेव्हा येतं. हे तुम्हाला काय सांगायचं! आमच्याकडे व्हॉल्व्हमन एका पोराला फोन करतो आणि तो पोरगा ग्रुपवर दोन शब्द टाकतो, 'पाणी सोडलंय'. घरोघरच्या बायका संपचं, म्हणजे जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं, झाकण उघडायला धावतात. त्या दिवशी दुपारी शेजारच्या वहिनी कळशी घेऊन आमच्या दारात आल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, 'काकू, पाणी सोडलेलं आम्हास्नी कोण सांगितलंच नाही की ओ.' बायकोने कळशी भरून दिली. मग माझ्याकडे वळून नुसतं बघितलं. उलटतपासणीत मी एवढा कधी अडकलो नव्हतो.

हिशेब विचारला त्यांनी, तहानेने सुकलं घर. आणि हे सगळं करायला मला तीन सेकंद लागले होते.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, वाळीत टाकणं. फरक एवढाच की पूर्वी त्यासाठी पंच बसवावे लागत. ते पंच चांगले असायचे असं मी म्हणत नाही, बहुतेक वेळा नसायचे. १९४९ साली मुंबई प्रांताने बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात होतं, म्हणजे तो कायदा आपल्या आजोबांनाही लागू होता. जातीने किंवा धर्मपंथाने माणसाला बहिष्कृत करायचं नाही, असं तो सांगत होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो रद्द केला. पंथाला आपलं घर सांभाळण्याचा अधिकार आहे, असं बहुमत म्हणालं. वेगळं मत देणारा तो एक जण म्हणजे खुद्द सरन्यायाधीश, भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. तो प्रश्न अजून मिटलेला नाही. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो नऊ जणांच्या पीठाकडे सोपवला. महाराष्ट्राने मधल्या काळात, २०१६ साली, सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतःचा कायदा केला. आपण मात्र तोवर साठ वर्षं सीमेच्या या बाजूला, कर्नाटकात होतो. असो, त्या वाटेला आज जायचं नाही.

मुद्दा असा की दोन्ही बाजू खोट्या नाहीत. कोणताही समूह 'हा आमच्यात नको' म्हणू शकतो. म्हणू शकला नाही तर तो समूहच राहत नाही. शिव्या देणारा, बायकांना रात्री मेसेज करणारा, गुंतवणुकीच्या खोट्या योजना विकणारा बाहेर गेलाच पाहिजे. अशा माणसाची बाजू मी घेणार नाही. पण त्या दाराला काय काय बांधलेलं आहे, हे आधी पाहायला हवं. चहाच्या टपरीवर बसू दिलं नाही तर माणूस दुसऱ्या टपरीवर जातो. रेशन दुकानाचं दार बंद केलं तर कुठे जाणार? माझ्या मते ग्रुप ही टपरी होती. व्हॉल्व्हमनच्या फोनमुळे ती रेशन दुकान झाली होती आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. खानापूर तालुक्यातल्याच एका गावचा पोरगा, वय वीस-एकवीस. कुस्तीचं वेड. जत्रेच्या फडांपासून बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यापर्यंत जिथे कुस्ती लागेल तिथे हा फोन घेऊन हजर. व्हिडिओ काढायचा, खाली दोन ओळी लिहायच्या आणि एका अ‍ॅपवर टाकायचा. तीन वर्षांत चांगली मंडळी जमली होती. फडवाले त्याला बोलवायचे, जाण्यायेण्याचा खर्च द्यायचे, वर थोडं हातावर ठेवायचे. एके दिवशी सकाळी खातं उघडेना. इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ एवढाच की तुम्ही समुदायाचे नियम मोडले आहेत. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'सर, मी काय चूक केलो?'

आपलं हे 'मी केलो' ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात. मला त्या दिवशी अजिबात हसू आलं नाही, कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

आम्ही दोघं त्याच्या शेवटच्या ओळी वाचत बसलो. 'ढाक मारून आडवा पाडला.' 'घिस्सा असा मारला की उठलाच नाही.' 'आज सुट्टी नाही, पाठ मातीला लावणारच.' ढाक, घिस्सा हे कुस्तीतले डाव, कुस्ती बघणाऱ्याला यात काही वावगं दिसणार नाही. बेंगळुरात किंवा त्याच्याही पलीकडे कुठे बसलेल्या यंत्राला यात मारामारी दिसली असेल. किंवा लंगोटातली पोरं बघून नग्नता वाटली असेल. किंवा दुसऱ्या फडाच्या पोरांनी मिळून तक्रारी ठोकल्या असतील. हे सगळे आमचे अंदाज, कारण आरोप काय तो कळवलाच नव्हता. आरोप माहीत नसला की बचावात माणूस आपली सगळी पापं आठवत बसतो. त्याने माझ्यासमोर दोन वर्षांपूर्वीची एक शिवीसुद्धा कबूल केली!

त्याने अर्ज केला. पोच आली ती यंत्राची, नकार आला तोही यंत्राचाच. शेवटी त्याच्या मावशीच्या दिराचा मुलगा बेंगळुरात आयटीत, त्याचा कोणी मित्र, त्या मित्राची कोणी ओळख, असं करत चाळीसेक दिवसांनी खातं परत मिळालं. कारण तेव्हाही सांगितलं नाही. पोरगा पेढे घेऊन आला. मी खाल्ले, पण मनात आलं की ज्याच्या मावशीच्या दिराचा मुलगा बेंगळुरात नाही त्याने काय करायचं? वशिल्याने उघडणारी दारं आपण तहसीलदार कचेरीत आयुष्यभर पाहिली. ती चुकवायला तर आपण फोन हातात घेतला होता.

यावर वकील मंडळी मनेका गांधी खटला आठवतील. १९७७ मध्ये सरकारने त्यांचा पासपोर्ट जमा करायला लावला. त्यांनी कारण विचारलं तेव्हा जनहितासाठी कारण देणार नाही, असं कळवलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाचा हक्क काढून घ्यायची पद्धत न्याय्य असली पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. त्यातला एक बारकावा मला फार उपयोगी वाटतो. कधी आधी ऐकत बसलं तर हेतूच फसतो, पासपोर्टवाला विमानात बसून जातो. अशा वेळी आधी कारवाई करा, पण मग लगेच ऐका. खात्यांच्या बाबतीत हेच लागू पडतं. रात्री बारा वाजता कोणी एखाद्या मुलीचा फोटो फिरवत असेल तर नोटीस काढत बसू नका, बंद करा. सकाळी ऐका. आमच्या कुस्तीवाल्याची सकाळ चाळीस दिवसांनी उगवली, तीही ऐकून घेतल्याशिवाय.

कंपनी म्हणजे सरकार नव्हे, मूलभूत हक्क तिच्यावर थेट चालत नाहीत, हे मला माहीत आहे. पण नियम अगदीच नाहीत असं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नवे नियम आणले. तक्रार अधिकारी नेमा, चोवीस तासांत पोच द्या, १५ दिवसांत निकाल द्या, असं त्या मूळ नियमांत होतं. पन्नास लाखांवर वापरकर्ते असलेल्या मोठ्या कंपन्यांनी स्वतःहून मजकूर काढला तर त्याआधी कारण कळवावं आणि वाद घालायची संधी द्यावी, असंही आहे. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने तक्रार अपील समित्या आल्या. कंपनीचा निकाल पटला नाही तर ३० दिवसांत तिकडे दाद मागता येते. आमच्या पोराला हे कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याच्या वकिलालाही ते वाचून काढावं लागलं.

त्याच दुरुस्तीत एक ओळ आहे, ती आपल्या भागात मोठ्याने वाचायला हवी. कंपनीने आपले नियम वापरकर्त्याला इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या त्याच्या पसंतीच्या भाषेत उपलब्ध करून द्यावेत. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, मराठी आहे आणि कन्नडही आहे. परिपत्रक आपल्या भाषेत मिळावं म्हणून निवेदनं देता देता आपले केस पांढरे झाले. न वाचता येणारी नोटीस ही नोटीसच नव्हे, हे सीमाभागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. घटनेचं कलम ३५० तर गाऱ्हाणं मांडायला केंद्रात वा राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा चालेल म्हणतं. तेही सरकारपुरतंच. पण इंग्रजीतल्या त्या एका ओळीपुढे बसलेला पोरगा मला आठवतो, आणि वाटतं, निदान शिक्षा तरी आपल्या भाषेत मिळावी!

कंपन्यांची अडचणही ऐकून घेऊ. या नियमांखाली व्हॉट्सअ‍ॅपने पहिला अहवाल दिला तो १५ मे ते १५ जून २०२१ या महिन्याचा. त्या एका महिन्यात भारतातली २० लाख खाती बंद केली होती. त्यातली ९५ टक्क्यांहून अधिक घाऊक मेसेज पाठवण्यासाठी. एवढ्या प्रकरणांत माणूस बसवून सुनावणी होणार नाही, मान्य. पण माझं लक्ष दुसऱ्या आकड्याकडे गेलं. तक्रार अधिकाऱ्याकडे बंदीविरुद्ध आलेले अर्ज होते २०४. वीस लाखांत दोनशे चार! बाकी सगळे खरोखर दोषी होते की त्यांना दारच सापडलं नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मुदतीचंही एक आहे. जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकने डोनाल्ड ट्रम्प यांचं खातं बेमुदत बंद केलं. मे महिन्यात कंपनीच्याच निरीक्षण मंडळाने बंदी उचलून धरली, पण बेमुदत शिक्षेबद्दल कंपनीला झापलं, कारण तशी शिक्षा तिच्या नियमांतच नव्हती. मग दोन वर्षं अशी मुदत ठरली. ट्रम्प आवडोत न आवडोत, खुनाच्या आरोपीलासुद्धा पुढची तारीख कळते.

तुम्ही म्हणाल, वकीलसाहेब, नीट चालतं ते दाखवा. मी मराठी विकिपीडिया दाखवीन. २००३ पासून तो चालू आहे आणि तिथे चर्चेच्या जागेला चक्क चावडी म्हणतात. व्यवस्था पाहणारे ते प्रचालक. एखाद्यावर बंदी घातली तर ती कोणी घातली, कधी, किती काळासाठी, कशासाठी, याची नोंद कोणालाही वाचता येते. बंदी असलेल्या माणसाला बहुधा स्वतःच्या चर्चापानावर लिहिता येतं, म्हणजे गावाबाहेर काढला तरी वेशीवर उभं राहून बोलायची मुभा. आणि इंग्रजी विकिपीडियाच्या धोरणात स्पष्ट लिहिलं आहे की ज्या वादात प्रचालक स्वतः गुंतला आहे, त्यात त्याने बंदीचं हत्यार उचलू नये. भांडणं तिथेही होतात, चांगली वर्षानुवर्षं चालतात. पण दप्तर उघडं असतं.

आता जरा अवघड बोलतो. दर वर्षी १ नोव्हेंबर आला की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस, आणि फोनवर तिसरीच लढाई. अमक्याचं खातं बंद पाडायचंय, सगळ्यांनी रिपोर्ट मारा. आपल्या पोरांची खाती अशी गेली की आपण अन्याय म्हणून ओरडतो, आणि ते बरोबरच आहे. पण मी स्वतः एका मराठी ग्रुपवर पाहिलं, एका कन्नड मास्तरांना 'बाहेर काढा' म्हणून ठराव झाला. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी मराठी शाळेच्या पटसंख्येबद्दल कन्नडमध्ये प्रश्न विचारला होता. प्रश्न बरोबर होता, उत्तर कोणाकडेच नव्हतं. आपण अल्पसंख्य आहोत म्हणून आपलं बटण आपोआप न्यायी होत नाही.

परत माझ्या गल्लीत येतो. कळशी भरून गेल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पाणी, लाइट, मयत आणि दवाखाना यांच्यासाठी वेगळा ग्रुप काढला. तिथे फक्त निरोप येतात आणि तिथून कोणालाच काढायचं नाही, मलासुद्धा काढता येणार नाही असं सगळ्यांसमोर ठरवलं. गप्पांच्या ग्रुपसाठी माझ्याशिवाय आणखी दोघी अ‍ॅडमिन केल्या. आता कोणाला काढायचं तर ज्या अ‍ॅडमिनशी भांडण झालं तो सोडून बाकीच्या दोघांनी ठरवायचं, आणि परत कधी घेणार तो दिवस तिथेच लिहायचा. पोरं म्हणाली, 'काय कोर्ट केलासा की ओ गल्लीचं!' म्हणू देत.

मग शेजाऱ्यांच्या घरी गेलो. ते कट्ट्यावर पेपर वाचत होते. मी म्हटलं, माझं चुकलं, तुमचं म्हणणं न ऐकताच काढलं. ते काही बोलले नाहीत, आत बघून चहा सांगितला. त्या रात्री मी त्यांना ग्रुपवर परत घेतलं. साडेअकराला त्यांचा पहिला मेसेज आला:

'गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब अजून आलेला नाही.'